कातडीखाली कुरकुर लागली तर

कॅज्युअल्टीत नवीन आहेस म्हणून सांगते. दुचाकीचं हँडल छातीत बसलेला पेशंट आला की नुसता स्टेथोस्कोप लावून थांबू नकोस. गळ्यापासून बरगड्यांपर्यंत हात फिरव. चुरमुरे दाबल्यासारखी कुरकुर लागली, की समज, कातडीखाली हवा शिरलीय. बहुतेकदा मोडक्या बरगडीचं टोक फुफ्फुसात घुसलेलं असतं. कधी श्वासनलिकाच फाटलेली असते.

सूज पार पापण्यांपर्यंत चढते, आवाज बदलतो, नातेवाईक हादरतात. पण ही सूज स्वतः क्वचितच जीव घेते. जीव घेते ती छातीत कोंडलेली हवा. धाप वाढतेय, बीपी उतरतंय, एका बाजूला श्वासाचा आवाज नाही, तर एक्स-रेची वाट बघू नकोस. ताबडतोब सिनियरला हाक मार. ती हवा तिथल्या तिथे मोकळी करावी लागते. आडव्या पेशंटच्या एक्स-रेत ती लपते, आणि कातडीखालच्या हवेमुळे सोनोग्राफीतही नीट दिसत नाही.

व्हेंटिलेटर लावायच्या आधी छातीतल्या नळीचं, म्हणजे कोंडलेली हवा बाहेर काढणाऱ्या नळीचं, विचारच. दाबाने जाणारी हवा आत कोंडून पेशंट मिनिटांत कोसळू शकतो.

सुजेची कड पेनाने आखून शेजारी वेळ लिही. नळी असूनही रेघ ओलांडली, तर आधी चादर उचलून बघ, नळी अंगाखाली दबलीय का.