क्रोम सोडून दुसरा ब्राउझर बघतोय. सगळे सारखेच वाटतात, मग आवडता कसा ठरवायचा?

तुम्ही लिहिलंय की चार-पाच ब्राउझर उतरवून घेतले, प्रत्येक दहा-पंधरा मिनिटं चालवून पाहिला आणि काहीच फरक कळला नाही. कळणार नाहीच. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी हे सगळे आतून क्रोमियमवर, म्हणजे गूगलच्या खुल्या सांगाड्यावरच उभे आहेत. ऑपेराचं पूर्वी स्वतःचं इंजिन, म्हणजे पान पडद्यावर उमटवणारा आतला भाग होता, तो त्यांनी २०१३ मध्ये सोडला. मायक्रोसॉफ्टने एज २०२० मध्ये क्रोमियमवर आणला. त्यामुळे पान उमटण्यात या पाचांमध्ये जवळपास फरक नाही. खरोखर वेगळं इंजिन असलेले मोठे ब्राउझर दोनच उरलेत, फायरफॉक्स आणि ॲपलचा सफारी. बाकीच्यांमधला फरक टॅब कसे लावता येतात, जाहिराती किती अडतात, बाजूच्या पट्टीत काय मिळतं, यात आहे, आणि तो रोजचं काम केल्याशिवाय दिसत नाही.

मी मुद्रितशोधन करते. दिवसाचे सात-आठ तास मराठी मजकूर डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे माझी पहिली अट म्हणजे देवनागरी नीट दिसली पाहिजे. ही अट फार जुनी आहे. २००९-१० च्या सुमारास माझ्याकडे बटणांचा साधा फोन होता आणि त्यावर मराठी पान उघडलं की नुसते चौकोन यायचे. एका मैत्रिणीने एसटीत शेजारी बसून ऑपेरा मिनीत पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा’, मग विसर्गासारखे दोन ठिपके आणि ‘कॉन्फिग’ असं टाइप करून दिलं. जी यादी उघडली, तिच्या तळाशी अवघड लिप्यांसाठी बिटमॅप फाँट वापरण्याचा पर्याय होता. तो चालू केला आणि चौकोनांच्या जागी अक्षरं आली. पलीकडचा ऑपेराचा सर्व्हर अक्षरांची चित्रं करून पाठवायचा, त्यामुळे कडा खडबडीत होत्या, पण वेलांटी जागेवर होती आणि जोडाक्षरं जुळलेली होती. त्या दिवशी मी स्टँड येईपर्यंत वाचत राहिले. संगणकावर त्याआधी फायरफॉक्स २ मध्ये दोन्ही कडा जुळवलेला मजकूर असला की मराठी फुटायची. २००८ मध्ये फायरफॉक्स ३ आला आणि ते दुखणं गेलं. तेव्हापासून ब्राउझर बदलला की मी आधी अक्षरं बघते.

गेल्या वर्षी मी ठरवून एकेक ब्राउझर पूर्ण आठवडाभर वापरला. बुकमार्क आत घेतले, तोच डीफॉल्ट केला आणि क्रोमचं चिन्ह खालच्या पट्टीवरून काढून टाकलं. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण ते समोर असलं की हात सवयीने तिकडेच जातो. पहिले दोन-तीन दिवस प्रत्येक ब्राउझर परका वाटतो, त्या दिवसांवरून मत बनवू नका.

ब्रेव्ह जाहिराती स्वतःहून अडवतो, काही बसवावं लागत नाही. आईच्या फोनवर मी तोच घातला आणि चुकून जाहिरातीवर बोट पडण्याची तिची तक्रार थांबली. विवाल्डीत एकाच खिडकीत दोन टॅब शेजारी-शेजारी लावता येतात. डावीकडे प्रूफ, उजवीकडे शब्दकोश, या मांडणीने तो आठवडा फार सुखाचा गेला. पण त्याच्या सेटिंग्ज इतक्या आहेत की माझ्या जुन्या लॅपटॉपवर आणि माझ्या डोक्यावरही ते ओझं वाटलं. विद्यार्थी किंवा पत्रकार असाल, शेकडो टॅब उघडे ठेवत असाल, तर तो जरूर बघा.

मी थांबले ती फायरफॉक्सवर, आणि त्याचं कारण सेटिंग्जच्या एका कोपऱ्यात आहे. जनरल या भागात फाँट्स आहे, तिथे ॲडव्हान्स्ड बटण दाबलं की लिप्यांची यादी उघडते. तीत देवनागरी निवडायची. मग फक्त देवनागरीसाठी वेगळा फाँट, वेगळा आकार आणि किमान आकार ठरवता येतो. इंग्रजीला धक्का लागत नाही. पानांना स्वतःचे फाँट वापरू देण्याची खूण मी तिथेच काढून टाकली आहे. त्याने काही पानांची मांडणी थोडी हलते, पण बातमी, दिवाळी अंकातला लेख, सरकारी परिपत्रक असं काहीही उघडलं तरी ते माझ्या एकाच ओळखीच्या वळणात येतं. अक्षर बदललं नाही की चूक लवकर दिसते: सुटलेला अनुस्वार, चुकीच्या अक्षरावर बसलेला रफार. क्रोममध्येही फाँट बदलता येतो, पण त्याच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये लिपीनुसार वेगळा ठरवायची सोय मला मिळाली नाही. शिवाय युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, फायरफॉक्समध्ये अजून पूर्ण चालतं, अँड्रॉइड फोनवरसुद्धा. क्रोमने २०२५ मध्ये जुन्या पद्धतीची एक्स्टेंशन्स बंद केली, तेव्हा तिथे त्याची फक्त लाइट आवृत्ती राहिली.

तरी एज मी काढलेला नाही. त्यात पान मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय आहे आणि तिच्यात मराठी आवाज आहेत, आरोही आणि मनोहर. कंट्रोल, शिफ्ट आणि यू एकत्र दाबलं की वाचन सुरू होतं. परवा एक लेख दोनदा तपासून झाला होता. पाठवण्याआधी आरोहीच्या आवाजात ऐकला, तर एका वाक्यात आजी-आजोबांबद्दल बोलताना ‘त्याच्या घरी’ असं कानावर आलं. मजकुरात ‘त्यांच्या’ हवं होतं. दोन वेळा माझ्या डोळ्यांनी तो अनुस्वार मनानेच भरून घेतला होता. ऱ्हस्व-दीर्घ कानाला पकडता येत नाही, पण गळलेला शब्द आणि दोनदा आलेला ‘आणि’ हमखास सापडतो. लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा करून पाहावं असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही दिवसभर काय करता ते प्रश्नात आलेलं नाही. वाचन जास्त असेल तर फायरफॉक्सपासून सुरुवात करा, आणि आयफोनवर असाल तर फार शोधाशोध करू नका, कारण आपल्याकडे तिथे सगळेच ब्राउझर सफारीच्याच इंजिनावर चालतात. क्रोम लगेच पुसू नका, एखादं पोर्टल त्याच्याशिवाय अडून बसतं. आणि पासवर्ड एका ब्राउझरमधून दुसऱ्यात नेताना जी फाइल तयार होते, ती काम झाल्या झाल्या पुसून टाका, कचरापेटीतूनही. तिच्यात सगळे पासवर्ड उघडे लिहिलेले असतात.