टिनं उडाली, विमा आहे, आता काय?

मे महिन्यातल्या वादळात घरावरची बरीच टिनं उडाली. घराच्या विम्याची भारत गृह रक्षा पॉलिसी आहे. पाऊस तोंडावर आला आहे. टिनं लगेच टाकून घ्यावीत की नुकसान पाहायला येणाऱ्या कंपनीच्या सर्व्हेयरची वाट पाहावी? तलाठ्यांनी केलेला पंचनामा पुरेल का?
(एक वाचक, आर्वी तालुका)

नवी टिनं इतक्यात टाकू नका, पण घर उघडंही ठेवू नका. आधी फोटो, मग ताडपत्री. पुढचं नुकसान टाळण्याची जबाबदारी पॉलिसीधारकाची असते. छपराखाली काहीच झाकलं नाही आणि आठवड्याने मातीची भिंत खचली, तर त्या भिंतीवरून वाद होतोच. ताडपत्री, दोर, मजुरी यांची बिलं जपून ठेवा.

फोटो बाहेरून चारही बाजूंनी आणि आतून वर पाहून काढा. त्यानंतर टिनांच्या भोकांचे अगदी जवळून काढा. वाऱ्याने उपसलेल्या टिनाचं भोक लांबट फाटलेलं असतं आणि त्याची कड वर वळलेली असते. गंजलेल्या टिनाचं भोक खाऊन मोठं झालेलं असतं, कड तपकिरी आणि ठिसूळ. सर्व्हेयर हेच पाहतो, कारण पॉलिसीत वादळ येतं, गंज आणि झीज येत नाही. म्हणून टिनं अडकवायचे वाकलेले जे-हुक, फाटलेली टिनं सर्व्हे होईपर्यंत भंगारवाल्याला देऊ नका. दुसऱ्याच्या वावरात जाऊन पडलेलं टिनही आधी तिथेच फोटो काढून मगच उचला.

पीक विम्यात नुकसान कळवायचे 72 तास आपल्याकडे सगळ्यांच्या डोक्यात पक्के बसले आहेत. घराच्या पॉलिसीचा हिशेब वेगळा आहे. कंपनीला ताबडतोब कळवायचं, दावा क्रमांक लिहून घ्यायचा आणि भरलेला दावा अर्ज नुकसान लक्षात आल्यापासून 30 दिवसांच्या आत द्यायचा. विमा नियामकाच्या 2024 च्या नियमांप्रमाणे कंपनीने 24 तासांत सर्व्हेयर नेमायचा असतो आणि त्याचा अहवाल 15 दिवसांत मिळवायचा असतो. फोनवर कळवलं तरी तेच ईमेलने पाठवा. उशीर झालाच तर तारखेचा पुरावा तुमच्या हाती राहतो.

पंचनामा हा सरकारी मदतीसाठी असतो. आपत्ती प्रतिसाद निधीच्या 2022-26 च्या निकषांत किमान 15 टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला 6,500 आणि कच्च्या घराला 4,000 रुपये धरले होते. विम्याची रक्कम त्यावरून ठरत नाही. तरी प्रत जोडाच, कारण त्या तारखेला तुमच्या गावात वादळ झालं हे त्यातून सिद्ध होतं. पंचनाम्यात नुसतं ‘घराचे नुकसान’ न लिहिता उडालेल्या टिनांची संख्या लिहून घ्या. सोबत ग्रामपंचायतीतून मिळणारा नमुना 8 चा उतारा जोडा.

दावे सगळ्यात जास्त अडतात ते अंदाजपत्रकावर. ‘छप्पर दुरुस्ती, एकूण 60,000’ अशा मिस्त्रीच्या चिठ्ठीला काही वजन नसतं. टिनांची संख्या, लांबी (10 की 12 फूट), जाडी, हुक-वॉशर, लोखंडी पाइप किती किलो, वेल्डिंग आणि मजुरी, हे सगळं वेगवेगळं मांडा. जुनं टिन 0.40 मिमीचं होतं आणि तुम्ही 0.50 चं टाकलं, तर वरचा फरक तुमच्या खिशातून जाईल. मलबा उचलण्याचा खर्चही मागता येतो, दाव्याच्या रकमेच्या 2 टक्क्यांपर्यंत. तो मागायचं बहुतेक जण विसरतात.

घराला लागून बैलांचा कोठा आहे, त्याचंही छप्पर गेलं. भाव वाढेल म्हणून घरात ठेवलेला कापूस भिजला. हे मिळेल का?
(एक वाचक, दारव्हा तालुका)

कापूस नाही. तो विक्रीचा माल आहे, घरसामान नव्हे. इमारतीचा विमा असेल तर घरसामानाला आपोआप संरक्षण असतं, इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाख. कपाट, पलंग, टीव्ही, फ्रिज त्यात बसतात. कोठा हे राहतं घर नाही, त्यामुळे विम्याच्या प्रस्ताव अर्जात त्याची वेगळी नोंद आहे का ते पाहा. नसेल तर गोठ्याची सरकारी मदत (2022-26 च्या निकषांत 3,000 रुपये) तेवढी मागता येईल.

कवेलूचं (कौलांचं) घर आहे. वादळात कवेलू सरकून पाणी आत आलं. कंपनीने ‘जुनी गळती’ म्हणून दावा नाकारला.
(एक वाचक, साकोली तालुका)

पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली नाकारलं ते लेखी मागा, सर्व्हेयरच्या अहवालाची प्रतही मागा. कवेलू दरसाल फेरले, म्हणजे काढून पुन्हा नीट बसवले जातात, हे तुमच्या बाजूचं आहे. गेल्या उन्हाळ्यात फेरणी झाली असेल तर मजुराची पावती, निदान त्याचं सही केलेलं निवेदन जोडा. शेजारची घरं किंवा झाडं त्याच वादळात पडली असतील तर त्यांचे फोटोही चालतील.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करा. सोबत विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा 155255 वर तक्रार नोंदवा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या विमा लोकपालाकडे जा. विदर्भासाठी कार्यालय पुण्याला आहे. नकार मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत जायला हवं. शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि 50 लाखांपर्यंतची भरपाई तिथे मिळू शकते. मध्येच कंपनीने थोडी रक्कम देऊ केली, तर ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या पावतीवर घाईने सही करू नका. सहीनंतर उरलेली रक्कम मागणं फार अवघड जातं.