17 एमएमचा खडा, लेझर करू की पाठीतून काढू?

प्रश्न : डॉक्टर, मी दिंडोरी तालुक्यातला, द्राक्षबाग आहे, वय 42. डाव्या किडनीत खालच्या बाजूला 17 एमएमचा खडा निघालाय. नाशिकला दोन ठिकाणी दाखवलं, एक म्हणतात खालून दुर्बीण घालून लेझर करू, दुसरे म्हणतात पाठीतून छिद्र पाडू. गावात सगळे म्हणतात पानफुटी खा, पडून जाईल. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलीये, काय करू?
– एक वाचक, दिंडोरी

उत्तर : पानफुटीचं आधी सांगतो, 4-5 एमएमचा खडा बऱ्याचदा आपोआपच पडतो आणि श्रेय मग पानाला नाहीतर बिअरला मिळतं, 17 चा काही तसा पडणार नाही.

दोन्ही डॉक्टर बरोबरच सांगतायत, कारण 10 ते 20 एमएममध्ये दोन्ही चालतं, 20 च्या पुढे मात्र सहसा पाठीतूनच. लेझरमध्ये कुठे चिरा नाही, लघवीच्या वाटेनेच वर जातात, पण किडनीतून मूत्राशयाकडे येणारी नळी अरुंद निघाली तर आधी स्टेंट, म्हणजे त्या नळीत ठेवायची बारीक लवचिक नळी, टाकून थांबावं लागतं आणि कधीकधी दुसऱ्यांदाही टेबलवर जावं लागतं. पाठीतून केलं तर साधारण एक सेंटिमीटरचं छिद्र, मिनीमध्ये, म्हणजे हेच ऑपरेशन बारीक दुर्बिणीने केलं तर, त्याहून लहान, खडा बहुतेक एकाच वेळी साफ होतो पण रक्तस्रावाची भीती थोडी जास्त. बाहेरून शॉक देऊन फोडायचं म्हणाल तर खालच्या कप्प्यातला चुरा वर चढून बाहेर पडायला कठीण, त्यात सिटी स्कॅनमध्ये खडा कडक दिसला तर मी तरी नको म्हणेन. एकदाच काय ते उरकायचं असेल तर माझं मत मिनीकडे झुकतं, फक्त रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा, आणि लघवीचं कल्चर, म्हणजे जंतुसंसर्ग आहे का ती तपासणी, केल्याशिवाय कुठलंच ऑपरेशन नको. थंडी वाजून ताप आला तर छाटणी सोडा, त्याच दिवशी अ‍ॅडमिट व्हा.

पाठीतून केलं तर दोन-तीन आठवडे पाठीवरचा पंप नको, ट्रॅक्टरचे हादरेही नकोत, म्हणजे छाटणीला माणूस लावावाच लागेल. महात्मा फुले योजनेत बसतं का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

आणि आत स्टेंट ठेवला असेल तर तो काढायची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहूनच घ्या, ती नेमकी डिपिंग (घड औषधात बुडवणं) आणि फवारणीच्या गडबडीत येते, दुखत नाही म्हणून माणूस विसरतो आणि काही महिन्यांनी त्या स्टेंटवरच खडा धरतो, मग तो काढायला वेगळं ऑपरेशन.