वाचकांचे प्रश्न : चाचणीत उत्तीर्ण झालेले आवरण पेटले कसे?

प्रश्न : विमानातील आसने, गालिचे, पडदे हे सारे आग न पकडणाऱ्या साहित्याचे असते असे आपण नेहमी वाचतो. मग १९९८ साली स्विसएअरचे विमान छताआडच्या आगीमुळे समुद्रात कोसळले, ते कसे? प्रवाशांच्या नजरेआड असलेल्या साहित्याची तपासणी होतच नव्हती का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तपासणी होत होती आणि ते साहित्य तीत उत्तीर्णही झाले होते. आपल्या प्रश्नातील खरी मेख हीच आहे. मात्र त्याआधी एक दुरुस्ती करायला हवी. ‘आग न पकडणारे’ असे साहित्य विमानात फारसे नसते. पुरेशी धग मिळाली तर बहुतेक प्लास्टिक, फोम आणि कापड पेटतेच. नियम एवढेच पाहतात की, ठरावीक परिस्थितीत ते किती पेटते आणि किती वेळात विझते. ही ‘ठरावीक परिस्थिती’ कोणी आणि काय धरून ठरवली, यावर सारे अवलंबून असते.

२ सप्टेंबर १९९८ च्या रात्री न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेल्या, मॅकडॉनल डग्लस कंपनीने बनवलेल्या एमडी-११ विमानाच्या वैमानिकांना कॉकपिटमध्ये वेगळा वास आला. त्यानंतर सुमारे एकवीस मिनिटांतच ते विमान कॅनडातील नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व २२९ जण मृत्युमुखी पडले. कॅनडाच्या परिवहन सुरक्षा मंडळाने समुद्रतळातून विमानाचे वजनाने सुमारे ९८ टक्के अवशेष वर काढले, विमानाचा पुढचा भाग तुकडा तुकडा जोडून पुन्हा उभा केला आणि चार वर्षांहून अधिक काळ तपास करून मार्च २००३ मध्ये अहवाल दिला. प्रवाशांच्या करमणुकीसाठी नंतर बसवलेल्या यंत्रणेच्या तारांवर विद्युत ठिणगी उडाल्याच्या खुणा सापडल्या. आगीचा प्रारंभ कॉकपिटच्या छताआड, उजवीकडे मागच्या बाजूला झाला असावा आणि त्या तारा त्यात बहुधा गुंतलेल्या होत्या, असा निष्कर्ष मंडळाने काढला. परंतु ठिणगी स्वतः विमान पाडत नाही, तिला पेट घेणारे काहीतरी मिळावे लागते. ते मिळाले इन्सुलेशनच्या गाद्यांच्या आवरणात. थंडी आणि आवाज रोखण्यासाठी विमानाच्या कातडीच्या आत काचतंतूंच्या गाद्या लावतात आणि त्यांवर पातळ प्लास्टिकची फिल्म चढवलेली असते. या विमानात ती धातूचा लेप दिलेल्या पॉलिएस्टरची, म्हणजे सर्वसामान्यांना ‘मायलार’ या नावाने माहीत असलेल्या जातीची होती.

या फिल्मची चाचणी अशी होत असे : नमुना उभा टांगायचा, खालून बन्सन बर्नरची ज्योत बारा सेकंद लावायची आणि ती काढून घ्यायची. नमुना आठ इंचांपेक्षा जास्त जळता कामा नये, ज्योत पंधरा सेकंदांत विझली पाहिजे आणि गळून पडलेला जळता थेंब पाच सेकंदांहून अधिक पेटता राहता कामा नये. दुधाच्या रिकाम्या पिशवीची कड मेणबत्तीजवळ नेऊन पाहिली असेल, तर पुढचे सहज कळेल. पातळ फिल्म ज्योतीला शिवण्याआधीच आक्रसून मागे सरते. टांगलेल्या नमुन्यातील फिल्म अशीच ज्योतीपासून दूर पळते, पेट धरत नाही आणि उत्तीर्ण होते. छताआडच्या बंद जागेत मात्र आजूबाजूची हवा तापलेली असते, फिल्म गादीवर ताणून बसवलेली असते, शिवणी व टेपच्या जागी ती जाड असते आणि मागे सरायला तिला वावच नसतो.

मन विषण्ण करणारी गोष्ट पुढची आहे. स्पिरिटसारख्या अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा पेटवून गादीवर ठेवायचा, अशी एक घरगुती वाटावी इतकी साधी चाचणी निर्मात्यांनी स्वतः केली होती. तीत हे आवरण पेटून आग पसरत गेली. १९९३ मध्ये कोपनहेगन आणि १९९५ मध्ये ट्यूरिन येथे जमिनीवरच्या विमानांत याच प्रकारच्या आवरणावरून आग पसरली होती. ऑक्टोबर १९९७ मध्ये निर्मात्यांनी हे आवरण बदलावे असा सल्ला देणारे पत्रकही काढले. पण तो सल्ला होता, सक्ती नव्हती. सक्ती आली ती २००० साली, जेव्हा अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाने त्या देशातील मॅकडॉनल डग्लस बनावटीच्या सुमारे सातशे विमानांतील हे आवरण पाच वर्षांत काढण्याचा आदेश दिला.

नजरेआडच्या साहित्याकडे इतके दुर्लक्ष का झाले, असे आपण विचारले नसले तरी ते सांगणे आवश्यक वाटते. आगीविषयीचे बहुतेक संशोधन विमान कोसळल्यानंतर सांडलेले इंधन पेटते आणि प्रवाशांना बाहेर पडायला किती वेळ मिळतो, याभोवती फिरत होते. १९८३ साली सिनसिनाटीला आपत्कालीन अवतरण केलेल्या एअर कॅनडाच्या डीसी-९ विमानात ४६ पैकी २३ जण दगावले, त्यानंतर आसनांच्या गाद्या आणि केबिनच्या भिंती यांवर कडक नियम आले. ती आग मागच्या शौचालयाच्या परिसरात, म्हणजे आडजागीच वाढली होती. तरीही धडा घेतला गेला तो प्रवाशाला दिसणाऱ्या पृष्ठभागांपुरता, हे मला आजही विचित्र वाटते.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. जुनी चाचणी अपुरी होती हे मान्य. पण नव्या चाचणीत नेमके काय बदलले? नुसती ज्योत मोठी केली का?
— एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : ज्योत मोठी केली असती तर प्रश्न तोच राहिला असता. या चाचण्यांचे काम न्यू जर्सीतील अटलांटिक सिटीजवळच्या विल्यम जे. ह्यूझ तंत्रज्ञान केंद्रात, म्हणजे अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाच्याच प्रयोगशाळेत झाले. तिथल्या संशोधकांनी आधी आडजागेतील आग किती मोठी धरायची हे ठरवले. त्यासाठी त्यांनी ४ × ४ × ९ इंचांचा, म्हणजे साधारण आपल्या विटेच्या आकाराचा, प्रक्रिया न केलेला युरेथेन फोमचा ठोकळा घेतला आणि तो सर्वत्र सारखा पेटावा म्हणून त्यावर १० मिलिलिटर हेप्टेन हा ज्वलनशील द्रव शिंपडला. हा ठोकळा खऱ्याखुऱ्या मापाच्या जागेत गाद्यांखाली पेटवून कोणते आवरण आग पुढे नेते आणि कोणते नेत नाही, हे पाहिले. त्यानंतर प्रयोगशाळेत बसेल अशी छोटी चाचणी अशा रीतीने जुळवली की, तिचा निकाल मोठ्या प्रयोगाच्या निकालाशी मिळावा. क्रमाचा हा उलटफेर हाच खरा बदल आहे, असे माझे मत आहे.

प्रत्यक्षात नमुना आडवा ठेवतात, फिल्म आणि गादी एकत्र, जशी विमानात असते तशी. वर तिरके बसवलेले तप्त पॅनेल त्यावर उष्णता सोडत असते. ज्योत लावण्याच्या जागी ती दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १.७ वॅट असते, म्हणजे भर दुपारच्या उन्हाच्या साधारण सतरापट. अशा तापलेल्या नमुन्यावर पंधरा सेकंद छोटी ज्योत धरून काढून घेतात. ज्योत मूळ जागेपासून दोन इंचांपलीकडे सरकता कामा नये आणि काढल्यावर तीन सेकंदांत विझली पाहिजे. आक्रसून निसटण्याची पळवाट इथे बंद होते, कारण धग एका बाजूने नव्हे, तर सबंध पृष्ठभागावर असते. हा नियम २००३ मध्ये आला. त्याच नियमात वीस किंवा अधिक आसनांच्या विमानांत धडाच्या खालच्या अर्ध्या भागातील इन्सुलेशनने बाहेरची इंधनाची आग चार मिनिटे रोखून धरावी, अशीही अट आहे. तिची पार्श्वभूमी इंग्लंडमधील मँचेस्टर विमानतळावर १९८५ साली जमिनीवरच पेटलेल्या विमानाच्या दुर्घटनेची आहे, पण तो स्वतंत्र विषय आहे.

तरी ही चाचणी इन्सुलेशनपुरतीच आहे, हे लक्षात ठेवावे. स्विसएअरच्या विमानात फोम, टेप, वेल्क्रोच्या पट्ट्या, हवेच्या नळ्यांची सिलिकॉन रबरी टोपणे हेही जळले होते आणि वातानुकूलनाच्या नळीचे असे एक टोपण जळून गेल्यावर आतली हवा आगीला मिळत गेली. तारांच्या आवरणाची जुनी चाचणी, म्हणजे साठ अंशांत तिरकी धरलेली तार आणि खालून ज्योत, एकेका तारेची परीक्षा घेते. विमानात तारा जुडग्यांनी जातात. म्हणून तारा आणि नळ्यांसाठीही त्या केंद्रात धगीखालच्या चाचण्या विकसित केल्या गेल्या आणि २०१९ साली अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाने आगीच्या धोक्याचे स्वरूप पाहून साहित्याची कसोटी ठरवणारा व्यापक प्रस्ताव जाहीर केला.

आपण साहित्यशास्त्राकडे वळणार असाल, तर आणखी एक धागा पकडून ठेवा. २००८ साली अमेरिकेतील आठशेहून अधिक बोईंग विमानांतील एका वेगळ्या, धातूचा लेप नसलेल्या आवरणाचीही हकालपट्टी करावी लागली. ही विमाने १९८१ ते १९८८ या काळात बनलेली होती आणि काळाच्या ओघात ते आवरण आग रोखण्याची क्षमता गमावून बसले होते. गाद्यांवर वर्षानुवर्षे धूळ, कपड्यांचे तंतू आणि गंजरोधक द्रव्याचा थर साचतो, तर चाचणीत नमुना कोरा करकरीत असतो. नव्या कंपोझिट, म्हणजे रेझिनमध्ये (चिकट राळेसारख्या प्लास्टिकमध्ये) तंतू बसवून बनवलेल्या धडाचे प्रश्न आणखी वेगळे आहेत. जुलै २०१३ मध्ये हीथ्रोला उभ्या असलेल्या रिकाम्या बोईंग ७८७ मध्ये छताआडच्या आपत्कालीन संदेशयंत्राची लिथियम बॅटरी पेटली आणि नंतर कंपोझिटमधील रेझिनच हळूहळू इंधन बनत गेले.

प्रश्न : पूर्वी मी विमानसेविका होते. पॅनेलच्या मागून धूर येत आहे, पण ज्योत दिसत नाही, अशा वेळी अग्निशामक नेमका कुठे मारायचा, हे आम्हाला कधी नीट समजले नाही. आता काय सांगतात?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पॅनेलवर बाहेरून मारलेले हॅलॉन, म्हणजे अग्निशामकातील आग विझवणारे द्रव्य, बहुतेक वाया जाते. ते ज्योतीच्या मुळाशी पोचायला हवे. अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाने २००४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक परिपत्रकाचा भर यावरच आहे : धुराचा उगम वाट न पाहता शोधावा, भिंतीवर हाताची पालथी बाजू फिरवून सर्वांत गरम जागा ठरवावी, पॅनेल काढता येत नसेल तर कुऱ्हाडीने किंवा मिळेल त्या साधनाने फोडावे आणि त्या फटीतून नळीचे तोंड आत घालून फवारा सोडावा. किमती विमानाचे पॅनेल फोडायला प्रशिक्षित हातही कचरतात, याची जाणीव परिपत्रक लिहिणाऱ्यांना होती. म्हणूनच विमानाचे नुकसान होईल या भीतीने थांबू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. स्विसएअरच्या त्या वैमानिकांना मात्र हाही मार्ग खुला नव्हता, कारण आग त्यांच्याच डोक्यावरच्या छताआड होती. पहिला वास येताच ते जवळच्या हॅलिफॅक्स विमानतळाकडे वळले असते, तरी सुरक्षित उतरता आले नसते, असा तपासाचा निष्कर्ष आहे.