लोखंडी बैलाचे पाय-शिंगं भट्टीतच जोडायची आहेत, पण सांधा धरत नाही. काय चुकतंय?

तुम्ही विचारलंय की शोभेचे बैल-घोडे घडवताना पाय आणि शिंगं वेल्डिंग मशीन न वापरता भट्टीतच जोडायची आहेत, पण एकतर तुकडे चिकटत नाहीत किंवा बारीक टोकं जळून जातात. मी या दोन्हींतून गेलोय. आमचं घर लोहारकामाचं. आजोबा बैलगाडीच्या चाकांना धावा चढवायचे. धाव म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी. तिची दोन टोकं भट्टीत सांधूनच कडं व्हायचं. तो सांधा कच्चा राहिला तर भरल्या गाडीखाली धाव उकलायची, म्हणून त्या कामाच्या वेळी आजोबा कुणाशी बोलत नसत.

तुमच्या वर्णनावरून मला वाटतं, तुम्ही जोर लावताय. सांधा जोराने होत नाही. स्वच्छ पृष्ठभाग, नेमका ताव (म्हणजे लोखंड किती तापलंय ते) आणि पहिल्या दोन-तीन सेकंदांतला हात, एवढ्यावर तो होतो.

तापलेल्या लोखंडावर हवेमुळे काळी खपली धरते. ती मधे राहिली की दोन तुकडे कितीही ठोका, शेजारी शेजारी बसतील, एक होणार नाहीत. ही खपली वितळायला साधारण १३७० अंश सेल्सिअस लागतात आणि आपण सांधतो १२५०-१३०० अंशांच्या आसपास. म्हणून टाकणखार, म्हणजे बोरॅक्सची पूड. तो ७४३ अंशांनाच वितळतो, खपली आपल्यात विरघळवून घेतो आणि वर पातळ थर धरून हवा अडवतो. तुकडा लालभडक झाला की बाहेर काढून तारेच्या ब्रशने घासा, लगेच टाकणखार भुरभुरा आणि परत भट्टीत सरकवा. जुन्या धावांचं लोखंड या बाबतीत फार सोसणारं होतं, त्याच्या पोटातलाच मळ वितळून सांध्याला मदत करायचा. आजची एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साध्या पोलादाची) सळई तेवढं माफ करत नाही.

सांधायची तोंडं सपाट ठेवू नका. मधे किंचित फुगीर ठेवा, म्हणजे पहिला घाव मधे बसतो आणि वितळलेला टाकणखार मळासकट कडेने बाहेर पळतो. सपाट किंवा खोलगट तोंडात तो आतच कोंडतो. शिवाय टोकं आधी उभी ठोकून जाड करून घ्या, कारण या तावाला लोखंड झिजतं आणि सांध्याशी माप बारीक होतं.

आता ताव. रंगावर एकट्यावर विसंबू नका, उन्हात तो फसवतो. टाकणखाराचा थर ओला, वितळल्या लोण्यासारखा चमकायला लागतो आणि निखाऱ्यातून एखाद-दुसरी चुकार ठिणगी उडते, ती वेळ. भट्टीतच दोन्ही तुकडे एकमेकांना हलके टेकवून बघा, चिकट लागतात. फुलबाजीसारखं तडतडायला लागलं तर लोखंड जळलं. ते भुसभुशीत होतं, पुन्हा सुधारत नाही, तेवढं टोक कापून टाका. तुमची बारीक टोकं जळतात ती यामुळेच: शिंग बारीक, डोकं जाड, आणि दोन्ही एकदमच भट्टीत. जाड तुकडा आधी घाला, तो पिवळा होत आला की मग बारीक. खालचे खंगर, म्हणजे कोळशाच्या राखेचे वितळून घट्ट झालेले गोळे, काढून टाका आणि तुकड्याखाली हातभर नाही तरी चांगला वीतभर धगधगता कोळसा असू द्या. उथळ भट्टीत भात्याची ताजी हवा थेट लोखंडाला लागते.

बाहेर काढल्यावर पहिले घाव हलके, दाबल्यासारखे. धरला असं वाटलं की पुन्हा टाकणखार, पुन्हा ताव, आणि मग आकार द्या. ऐरण थंडगार असेल तर आधी एखादं तापलं लोखंड तिच्यावर ठेवून कोमट करा, नाहीतर तीच ताव पिऊन टाकते. चष्मा लावा, टाकणखार उडतो. आणि जस्त चढवलेली पट्टी भट्टीत अजिबात नको, तिचा धूर ताप आणतो.

पण मुळात पाय जोडताच कशाला? माझं प्रामाणिक मत, प्राण्याचं जेवढं अंग एका पट्टीतून निघतं तेवढं काढावं. छत्तीसगडमधल्या कोंडागावच्या लोहारांची हरणं बघा, बारीक पाय आणि फांद्यांची शिंगं, अंगभर एकच ओघ. मी बैलासाठी ३० × १० मिलिमीटरची, २४ सेंटिमीटर लांब पट्टी घेतो. दोन्ही टोकांना ८-८ सेंटिमीटर आत, छिन्नी जिथे थांबणार तिथे, आधी गोल भोकं पाडतो, नाहीतर चिरेच्या मुळाशी तडा जातो. मग पट्टी तापवून छिन्नीने दोन-दोन उभे काप. प्रत्येक टोकाला तीन पट्ट्या झाल्या: बाहेरच्या दोन खाली वळवून पाय, मधली पुढे मान आणि डोकं, मागे शेपूट. वशिंड पाठ वर फुगवून येतं. जोडायला उरतात फक्त शिंगं. तीसुद्धा डोक्यात पंचने भोक पाडून बारीक सळई आरपार ओवून, भोवतालून ठोकून आवळता येतात. पोळ्याला मी असेच बैल करतो.

तरीही सांधा शिकाच. दिल्लीचा लोहस्तंभ, ७ मीटरहून उंच आणि ६ टनांहून जड, लोखंडाचे गोळे असेच तापवून, ठोकून, सांधून उभा राहिला, तोही सुमारे १६०० वर्षांपूर्वी. सुरुवात दोन तुकड्यांनी करू नका, एका हाताला दोन सांडशा झेपत नाहीत. १२ मिलिमीटरच्या सळईचं टोक तिच्यावरच दुमडा आणि ती घडी सांधा. मग करवतीने मधोमध कापून पॉलिश पेपरने घासा आणि रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा. सकाळी काळी रेघ दिसली तर आत मळ राहिलाय. त्या कापाचा फोटो इथे टाका, शिंगांचं पुढचं तो बघून सांगतो.