सही आप्पांची लागते, तुमची नाही

पारोळ्याचे दादा, तुमचं म्हणणं असं की आप्पा 78 वर्षांचे, हृदयातला एऑर्टिक व्हॉल्व्ह (रक्त पुढे सोडणारी झडप) आकुंचन पावलाय, पुढच्या आठवड्यात नाशिकला कॅथेटरने, म्हणजे रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून, नवा बसवायचाय, पण सीटीत मांडीच्या रक्तवाहिन्या बारीक आणि कॅल्शियमने भरलेल्या दिसल्या म्हणून डॉक्टर म्हणतात पायातून नाही जमलं तर खांद्याजवळून नाहीतर बरगड्यांमधून जाऊ, आणि इंग्रजी फॉर्मवर नळी कुठून घालणार हा रकाना कोरा ठेवून तुमची सही मागताहेत. आप्पा घाबरतील म्हणून त्यांना काहीच सांगितलेलं नाही.

दादा, हेच चुकतंय. आप्पा शुद्धीवर आहेत, कपाशीचा हिशोब आजही तेच बघतात असं तुम्हीच लिहिलंय, मग संमती त्यांचीच लागते. समीरा कोहली केसमध्ये बाई तपासणीसाठी भूल दिलेल्या असताना आईची सही घेऊन गर्भाशय काढलं, सुप्रीम कोर्ट म्हणालं पेशंट सज्ञान, जीव लगेच वाचवायचा प्रश्न नव्हता, आईची संमती चालत नाही, आणि धोके काय, दुसरे पर्याय काय हे पेशंटला आधी सांगायलाच हवं. पण घटना 1995 ची, निकाल 2008 चा, भरपाई 25,000 आणि फी माफ. म्हणून नंतर केस करू हे डोक्यातून काढा, आत्ता बोला.

पायातूनच करा असा हट्ट मात्र धरू नका. पायाचा रस्ता शक्यतो पहिला बघतातच, पण बारीक शीर फाटली तर जिवावर बेततं, आणि मान्य पद्धतींपैकी डॉक्टरने एक निवडली म्हणून तो निष्काळजीपणा होत नाही, सुप्रीम कोर्टाच्या जेकब मॅथ्यू केसच्या 2005 च्या निकालात हे स्पष्ट आहे.

तुम्ही मागायचं ते एवढंच, पहिला रस्ता कोणता, तो नाही जमला तर दुसरा कोणता, दोन्हीचे धोके काय, आणि हे सगळं फॉर्मवर मराठीत लिहा. डॉक्टरांना आप्पांशी समोरासमोर बोलू द्या, अडलं तिथे तुम्ही अहिराणीत सांगा. ऐकून ते म्हणाले छातीतून नको, तर तेही फॉर्मवर लिहायचं, तो हक्क त्यांचा आहे. सीटी रिपोर्टसाठी लेखी अर्ज द्या, मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमाने 72 तासांत कागद द्यावे लागतात.

आप्पांची सही झाली की फॉर्मच्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.