कोकणात घरासाठी जागा घेताय? आधी पावसात बघा

मे महिन्यात दाखवलेली जागा जुलैत पुन्हा बघितल्याशिवाय विसार देऊ नका. मोठा पाऊस थांबल्यावर तासाभराने जा. वरच्या डोंगराचं पाणी कुठून उतरतं, पऱ्या (पावसाळी ओढा) कुठे वळतो, पाणी किती वेळ तुंबतं, हे तेव्हाच कळतं. पऱ्या बुजवून केलेला सपाट प्लॉट सोडून द्या. पाणी जुनी वाट सोडत नाही.

विहिरीचं मात्र उलट. पाणी मे अखेरीस तपासा, कारण खाडीजवळच्या विहिरी तेव्हाच मचूळ होतात.

जमिनीत दोन-तीन ठिकाणी, निदान दीड-दोन मीटर खड्डे घ्या. वर कडक जांभा दिसला की लोक निश्चिंत होतात, पण त्याखाली मऊ चिकणमाती असू शकते. उतार उभा कापला की पावसात ती भिजते आणि वरच्या दगडासकट दरड खाली येते. असा उतार टप्प्याटप्प्याने कापावा, संरक्षक भिंतीला पाणी निघायला भोकं ठेवावीत. कातळ असेल तर पाया भक्कम, पण सांडपाण्याच्या शोषखड्ड्यात पाणी जिरत नाही.  शिवाय हा खड्डा विहिरीपासून निदान 18 मीटर लांब हवा. छोट्या प्लॉटवर हेच जमत नाही.

कागदात सातबाऱ्याचे 'इतर हक्क' आधी वाचा: कूळ, सामाईक हिस्सेदार, बोजा. शेतजमीन असेल तर घेणारा शेतकरी लागतो. पायवाट म्हणजे रस्ता नव्हे, ट्रक जाईल असा हक्क कागदावर हवा. समुद्राच्या भरतीरेषेपासून 500 मीटरच्या आत असाल तर सीआरझेडचा (किनारा नियमन क्षेत्राचा) नकाशा बघा, खाडीकाठी असाल तरीही बघा. मोजणी सरकारीच करून घ्या, गडग्यावर (दगडी कुंपणावर) विसंबू नका.